आवाज फाडून द्या, मिस्त्री

परवा नातवाचा एक मित्र घरी आला. गिटार वाजवतो. मोबाईल माझ्या नाकापुढं धरून म्हणाला, "आजोबा, हेवी वाजवायचंय. जुना पिकअप काढून नवा टाकतोय. यातला कुठला घेऊ?" पडद्यावर चार पिकअप ओळीनं बसले होते, लग्नाच्या स्थळांसारखे. प्रत्येकाखाली एक आकडा. "याचा आकडा सगळ्यात मोठा आहे," तो म्हणाला, "म्हणजे हाच सगळ्यात जड वाजणार ना?"

आता माणसाला राग येणार नाही तर काय येईल? आकडा कसला, तर आतल्या तारेच्या रोधाचा. म्हणजे तार किती लांब आणि किती बारीक, एवढंच. खिल्लारी बैलाच्या बाजारात शेपटी मोजून बैल घेतो का कोणी? खांदा बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. आणि ही मंडळी घरबसल्या शेपटीवर सौदा करतात. मी हे त्या मुलाला चहावर साय धरेपर्यंत सांगत होतो. शेवटी तो म्हणाला, "आजोबा, चिडू नका."

"मी चिडलेलो नाही. समजावतोय."

आतून आमची ही म्हणाली, "त्यांचं समजावणं असंच असतं, बाळ. पंख्याखाली बस."

तेव्हा म्हटलं, आता सगळ्यांनाच एकदा समजावून टाकू.

मी मिरजेचा. सत्तरच्या दशकात सतारी करणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान होतं. रेडिओ, कर्णे आणि विहिरीवरच्या मोटारींचं रिवाइंडिंग. त्या काळी सांगली-साताऱ्याकडं ऑर्केस्ट्र्यांचं पीक उसापेक्षा दाट आलं होतं. ज्या गावाला पाण्याची टाकी नव्हती त्या गावाला ऑर्केस्ट्रा होता. प्रत्येक ऑर्केस्ट्र्याला एक इलेक्ट्रिक गिटार, आणि प्रत्येक गिटारीला काही ना काही दुखणं. माणसाच्या दुखण्याला मिरजेत दवाखाने पावलोपावली. गिटारीच्या दुखण्याला दवाखाना एकच, आणि त्यातला डॉक्टर, कंपाउंडर आणि झाडूवाला मीच.

गिटारीचा पिकअप म्हणजे तिचा कान. तारांखाली चुंबक, चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाच्या भोवती खळबळ उडते आणि वेढ्यांत इवलीशी वीज जागी होते. ती ॲम्प्लिफायर मोठी करतो, कर्णा गावभर सांगतो. झालं. यात जादू नाही, मंत्र नाही. हे कळायला लोकांना काय त्रास होतो, ते मला अजून कळलेलं नाही.

पिकअप गेला तर नवा दुकानात मिळायचा नाही. मुंबईत कुणाच्या तरी मेव्हण्याच्या ओळखीचा माणूस असायचा, तो बोटीवरच्या खलाशाकडून आणतो म्हणायचा, आणि मग ते मेव्हणेही भेटत नसत आणि पिकअपही. म्हणून मी स्वतः गुंडाळायला लागलो. हिचं शिलाई मशीन होतं, त्याच्या चाकावर. तार इतकी बारीक की नुसत्या श्वासानं तुटायची. शेजारणीनं मिरचीची फोडणी टाकली की माझा कारखाना बंद. एकदा गुंडाळता गुंडाळता शिंक आली, ती मी स्टेशनपर्यंत चालत नेली आणि तिथं सोडली. एक गाडी तेवढ्यानं वेळेवर सुटली, असं लोक म्हणतात.

पाचगणीच्या एका शाळेतले संगीताचे मास्तर माझे पहिले मोठे गिऱ्हाईक. गिटार घेऊन एस.टी.नं घाट उतरून आले. तक्रार अशी, की ट्यूबलाइट लावली की गिटार भुंग्यासारखी गुणगुणते. "आमच्या मुलांना वाटतं मीच गुणगुणतो," मास्तर म्हणाले. खरं तर यात मास्तरांचा दोष नव्हता, एका कॉइलचा, म्हणजे वेढ्यांच्या एकट्या गुंडाळीचा, स्वभावच तो. तारेचा आवाज तर ती ऐकतेच, पण भिंतीतली, दिव्यातली, वाटेल ती वीज ऐकते. चोंबड्या बाईसारखी.

उपाय म्हणजे दोन कॉइली शेजारी शेजारी. दोघींचे वेढे उलटसुलट, दोघींचे चुंबकही उलटसुलट. दिव्याची भुणभुण दोघींत शिरते, पण एक हो म्हणते, दुसरी नाही म्हणते, आणि भुणभुण तिथंच मरते. तारेच्या बाबतीत मात्र दोन्ही उलटे मिळून सुलटं होतं आणि आवाज दुप्पट. मी मास्तरांना सांगितलं, "भाऊबंद बघितलेत ना? एरवी एक पूर्वेला, दुसरा पश्चिमेला. पण बांधावर तिसरा आला की दोघांचा आवाज एक." मास्तरांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि पुढं वर्गात शिकवलं. मुलांच्या घरून पत्रं आली म्हणतात, की शाळेत शेतीचे तंटे का शिकवता.

हे झालं साधं दुखणं. हणमंताचं दुखणं वेगळं होतं.

हणमंता आटपाडीकडचा, मेंढपाळाचा मुलगा. पलटणीच्या बँडात ड्रम वाजवायचा. गुडघा मोडला म्हणून घरी पाठवलं, तर येताना एका बँडवाल्याची जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. दोन वर्षं मेंढरांमागं फिरताना ती गिटार पाठीवर आणि हात तिच्यावर. मेंढरांना कर्णा लागत नाही, त्यामुळं त्याचं भागत होतं. मग सांगलीच्या एका ऑर्केस्ट्र्यानं त्याला बघायला बोलावलं, आणि तो लंगडत माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला.

"आवं मिस्त्री," तो म्हणाला, "आवाज फाडून द्या."

"कुणाचा?"

"गिटारीचा वो. लय जड पायजे. जड आन् फाटल्याला."

मी हातातलं सोल्डरिंग खाली ठेवलं. गड्यांनो, मी आयुष्यभर फाटलेले आवाज शिवत होतो. लग्नाच्या कर्ण्याचा पडदा फाटला, शिवला. पुढाऱ्याचा माइक फाटला, शिवला. पुढारी स्वतः फाटका निघाला, तेवढा शिवता आला नाही. आणि हा पायरीवर बसून म्हणतो, धड आवाज घ्या आणि फाडून द्या.

"फाटका आवाज कोण ऐकणार?" मी विचारलं.

"तुमी गजी बघितलाय न्हवं? आमचा नाच. त्यात ढोल असतोय, ह्यो एवढा. त्यो वाजाय लागला की पोटात वाजतोय. त्येच्याम्होरं माझी गिटार म्हंजी कोकरू. मला ढोलाम्होरं टिकंल आसा आवाज पायजे. पलटणीत येका सायबाकडं तबकडी ऐकलीवती, त्यात गिटार आशी वरडायची, जशी ढगाला कात्री लावलीय."

मग खरी गोष्ट बाहेर आली. ऑर्केस्ट्र्याचे मालक नाना म्हणाले होते, एक कारखान्याचा कार्यक्रम वाजवून दाखव, बरं वाजलं तर कायमचा घेतो. आणि त्याच्या बापानं, म्हाकूतात्यांनी, सांगितलं होतं की दसरा झाला की मेंढरं चाऱ्याला खाली निघतील. तोवर त्या लाकडानं पोट भरलं तर भर. नाही तर काठी घ्यायची आणि चालायला लागायचं.

"गुडघ्याचं काय?" मी विचारलं.

"त्येच की," हणमंता म्हणाला. "मेंढरं थांबत न्हाईत."

मला तिथंच राग आला. बापाचा, नानांचा, गुडघ्याचा, नक्की कुणाचा ते आठवत नाही. पण माझं एक आहे, राग आला की माझा हात बरा चालतो.

फाडायचं काम तसं सोपं. जुन्या रेडिओतले दोन ट्रांझिस्टर काढून मी साबणाच्या ॲल्युमिनियमच्या डबीत बसवले. तिच्यातून गिटारीचा आवाज काढला की फुगून, दाटून, कडेनं फाटून बाहेर यायचा. कठीण काम पुढं होतं. अशा डबीपुढं साधा पिकअप टिकत नाही. डबी सगळंच शंभर पटींनी मोठं करते, सूर मोठा करते तशी भुणभुण, खरखर, खोड्याही. म्हणजे जड वाजवणाऱ्याचा पिकअप सगळ्यात सोज्वळ लागतो. दंगा करणाऱ्याच्या घरी बायको शांत लागते, तसं. हे वाक्य हिनं वाचलंय आणि राहू दे म्हणालीय.

पण हणमंतालाही सगळ्यांसारखंच वाटायचं, की जोर हवा तर चुंबक मोठा हवा. मी नको म्हणत असताना त्यानं माझ्या भंगारातून फुटक्या कर्ण्याचा चुंबक उचलला. तो चुंबक असा होता, की टेबलावर ठेवला तर शेजारच्या चाचांच्या कानशी आपापल्या डब्यातून डोकं वर काढून बघायच्या. बसवला तारांखाली. पहिलीच तार छेडली, आणि सूर एक न येता दोन आले, एकमेकांच्या अंगावर ओरडत.

चाचा सतारी करायचे. त्या वेळी ते, सतारीच्या तारा जिच्यावर टेकतात त्या हस्तिदंताच्या घोडीची जवारी काढत होते, म्हणजे कानानं ऐकून कानस मारण्याचं ते नाजूक काम. ते कानस हातात घेऊनच आमच्या दारात आले.

"मिस्त्री, काय करतोस? माझा षड्ज पळाला."

"नवा पिकअप आहे, चाचा."

"त्या तारेला दोन जिभा फुटल्यात. कोण ओढतंय तिला खालून?"

तेच झालं होतं. एवढा जोराचा चुंबक तारेलाच धरून ठेवतो, तिला मोकळं थरथरू देत नाही. मग ती एकीकडं एक बोलते, दुसरीकडं दुसरं. कासरा इतका आवळायचा की बैलाला मान हलवता येईना, आणि मग म्हणायचं बैल चालत नाही. मी हणमंताकडं बघितलं. त्यानं चुंबक भंगारात टाकला. चाचा म्हणाले, "पोरा, ढोलाला जोर हातानं येतो. चामडं ताणून ताणून येत नाही." आणि परत आपल्या घोडीकडं गेले.

मग आम्ही नीट निवड केली. चुंबक मध्यम. कॉइली दोन, उलटसुलट, कारण डबी लावल्यावर भुणभुण भुंग्याएवढी राहत नाही, विमानाएवढी होते. वेढे नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे डबीला चांगला धक्का बसेल. पण फार जास्त नाहीत, कारण वेढे वाढत गेले की सुराची धार मरते आणि गिटार गोधडीखालून बोलल्यासारखी वाजते. मोठ्या आकड्याच्या मागं लागणाऱ्यांना नेमकी ही गोधडी मिळते आणि ते तिला जडपणा म्हणतात. आणि पिकअप बसवला घोडीजवळ. मानेकडं तार मोकळी झुलते, तिथला आवाज गोल, तो फाडला की चिखल होतो. घोडीजवळ तार ताठ, आवाज करकरीत, तो फाडला तरी शब्द कळतो.

शेवटचं काम मेणाचं. हेच सगळ्यात महत्त्वाचं आणि ह्याचंच लोकांना सगळ्यात कमी कौतुक. कॉइलीचे वेढे कितीही आवळा, थोडे सैल राहतातच. मोठ्या आवाजापुढं ते स्वतःच थरथरतात, पिकअप त्यांचाही आवाज ऐकतो, ॲम्प्लिफायर तो मोठा करतो, त्यानं वेढे आणखी थरथरतात, आणि या फेऱ्यातून अशी शिटी निघते की आगगाडीनं बाजूला व्हावं. म्हणून अख्खा पिकअप वितळलेल्या मेणात बुडवायचा, हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत. मेण आत भरलं की वेढे जागच्या जागी गप्प. महाबळेश्वरच्या मधवाल्यांकडून मी पोळ्याचं मेण आणायचो, त्यात थोडं मेणबत्तीचं. मोठ्या पातेल्यात पाणी, पाण्यात छोटं पातेलं, थेट आचेवर कधीच नाही. पातेली घरची होती. पुढं कित्येक दिवस आमच्या आमटीवर मधाचा तवंग यायचा आणि ही माझ्याकडं बघायचीही नाही.

वरून पितळेचं चकचकीत झाकण बसवलं, त्यावर निकेल चढवून घेतलं. दुकानात वाजवून बघितलं. एकच स्वर. गल्लीतल्या बाजारू सतारी आपोआप जुळल्या, पोस्टमन सायकलवरून उतरून उभा राहिला, आणि चाचांनी कानस न थांबवता मान हलवली. हणमंता गुडघा धरून बसला होता, आणि हसत होता तेही त्याला ठाऊक नव्हतं.

आता नानांकडं येतो. हात शिवशिवायला लागलाय रागानं, पण येतो.

नाना आधी लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. ऑर्केस्ट्रा काढल्यापासून त्यांना फॉरेनचं वेड लागलेलं. हार्मोनियम फॉरेनची, ड्रमची कातडी फॉरेनची, स्वतः वापरायचे ते अत्तरही फॉरेनचं, फक्त शिव्या इथल्या. पिकअप बघून म्हणाले, "चांगला दिसतो. कुठला?"

"मिरजेचा," मी म्हणालो.

"बघू," नाना म्हणाले, जसं भाजीवाल्यानं फणस पिकलाय म्हटल्यावर म्हणतात.

मधे खंडेनवमी आली. त्या दिवशी शेतकरी नांगर पुजतो, सुतार रंधा पुजतो, आम्ही मीटर आणि पक्कड पुजतो. नानांनीही सगळी वाद्यं सतरंजीवर मांडून पूजा केली, मी नव्हतो तिथं. दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत साखर कारखान्याचा बॉयलर पेटवायचा समारंभ होता. गळीत सुरू होण्याआधी बॉयलरची पूजा, अध्यक्षांचं भाषण, जेवण, आणि दुपारनंतर ऑर्केस्ट्रा. तिथंच हणमंताची परीक्षा. कर्णे आणि ॲम्प्लिफायर माझे, म्हणून मी स्टेजच्या बाजूलाच होतो. समोर सभासद शेतकरी, कामगार, बायकामुलं, आणि कडेला सुरुवातीला नाचायला बोलावलेली गजीची मंडळी ढोलासकट. त्यात घोंगडी खांद्यावर घेतलेले एक उंच म्हातारे उभे होते. हणमंता म्हणाला, "आबा हायती." म्हणजे म्हाकूतात्या. मेंढरं त्याच वाटेनं निघाली होती आणि कारखान्यामागच्या माळावर बसवली होती.

साधी गाणी बरी झाली. मग हणमंतानं डबीचा खटका दाबला.

जे निघालं त्याला मी आवाज म्हणणार नाही. कर्ण्यातून एक अखंड शिटी निघाली. पहिल्या रांगेतल्या लोकांनी टोप्या धरल्या. कारखान्याच्या भोंग्यावरचा माणूस, आपल्याला कुणी बोलावलं, म्हणून बघायला बाहेर आला. हणमंतानं तारांवर पंजा ठेवला, तरी शिटी थांबेना. मला कळलंच नाही. मेण भरलेला पिकअप असं करूच शकत नाही. माझाच पिकअप माझ्याच कर्ण्यांतून माझ्यावर किंचाळत होता.

नाना क्लॅरिनेट ठेवून हणमंताकडं धावले. त्यांना वाटलं माइक लांब आहे. गिटारीवर वाकून, दात आवळून म्हणाले, "बंद कर ते डबडं. जा आटपाडीला, मेंढरामागं जा. तुला ठेवणार नव्हतोच. मुंबईचा वादक ठरलाय माझा, आज तो रिकामा नव्हता म्हणून तुला उभा केला."

आता हे नीट ऐका. आतले वेढे सैल झालेला पिकअप नुसती शिटी घालत नाही. तो माइक होतो. त्याच्यावर तोंड नेऊन बोललं तर वेढे थरथरतात आणि बोलणं कर्ण्यातून बाहेर येतं. वर शंभर पटींची डबी. नानांचा शब्द न् शब्द, फाटून, फुगून, गर्जत, अख्ख्या मैदानावर गेला. ऊस ऐकायला थांबला. "मुंबईचा वादक ठरलाय माझा" हे तर मागच्या गोदामावर आपटून परत आलं आणि लोकांनी दुसऱ्यांदा ऐकलं.

मी डबीची वायर उपटली. हणमंता नानांकडं बघत होता. अपमानापेक्षा त्याच्या चेहऱ्यावर दुसरंच काही होतं. तो इतके दिवस ज्या परीक्षेसाठी जीव काढत होता ती परीक्षा नव्हतीच, हे त्याला तेव्हा कळत होतं.

कारखान्याचे अध्यक्ष शांत माणूस. ते खुर्चीतूनच म्हणाले, "नाना, पोराचं वाद्य बिघडलंय. दुरुस्त होऊ द्या. मग ऐकू." लोकांतून आवाज आला, "व्हय, ऐकूच." एक म्हातारी म्हणाली, "आन् मुंबैवाला आला तर त्येला मेंढरामागं धाडा." हशा झाला. नाना पण हसले, कारण न हसून चालणार नव्हतं.

मी गिटार घेऊन गेटवरच्या चहाच्या टपरीवर गेलो. हणमंता मागं. स्क्रू काढले, झाकण उचललं आणि मला क्षणभर दिसेनासं झालं. आतलं मेण गेलं होतं. वितळून सगळं खाली गिटारीच्या पोटात उतरून थिजलं होतं. झाकणाच्या पाठीवर काजळी, कडेला कुंकू, फटीत अक्षतांचा एक दाणा.

"हे काय?" मी विचारलं.

हणमंता मान खाली घालून म्हणाला, "खंडेनवमीला नानांनी कापराची वडी ह्याच्यावरच पेटवली. म्हनले, चकचकीत हाय, धातूचं हाय, तबक कशाला पायजे."

तबक कशाला पाहिजे. मी पातेल्यात पातेलं ठेवून, घरात शिव्या खाऊन, बुडबुडा न् बुडबुडा काढला, आणि या माणसानं माझ्या पिकअपच्या डोक्यावर आरती ओवाळली. अहो, देवाला तरी आवडलं असेल का? सरस्वती स्वतः वीणा घेऊन बसते, तिच्या वीणेवर कुणी कापूर जाळला असता तर तिनं ती वीणा त्याच्याच डोक्यात घातली असती. आणि मग वर तोंड करून म्हणायचं, डबडं. मी टपरीवाल्यासमोर जे काही बोललो ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. टपरीवाल्यानं मात्र पुढं वर्षानुवर्षं माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. एवढी शिकवणी फुकट कुठं मिळते, म्हणायचा.

पोळ्याचं मेण तिथं कुठलं? वीज गेली तर असाव्यात म्हणून टपरीत मेणबत्त्या होत्या. त्या सगळ्या तोडून डब्यात टाकल्या, डबा चहाच्या उकळत्या पाण्यात ठेवला. पिकअप त्यात सोडला. बारीक बारीक बुडबुडे वर येऊ लागले, आणि आम्ही दोघं ओठावर बोट ठेवल्यासारखे त्याच्याकडं बघत बसलो. घाई करायची नसते. गरम जास्त झालं तर वेढ्यांवरचा लेप जातो, आणि मग सगळंच संपतं.

तेवढ्यात म्हाकूतात्या आले. त्यांनी डब्यात डोकावून बघितलं.

"काय शिजतंय?"

"तुमच्या पोराची गिटार," मी म्हणालो.

मागोमाग नाना आले, हात जोडल्यासारखे करत. "तात्या, बोलण्याच्या ओघात गेलं हो. तुमचा मुलगा गुणी आहे. पण आता मुंबईचा ठरलाय, माझा शब्द गेलाय. यानं आपलं तुमच्याबरोबर मेंढरं—"

"मेंढरं माझी हायती," तात्या म्हणाले. आवाज चढवला नाही. "त्येंच्या मागं कुनाला धाडायचं ते मी ठरवतो. तुमी कोन?"

मग तात्यांनी हणमंताकडं बघितलं, त्याच्या त्या सरळ न होणाऱ्या गुडघ्याकडं बघितलं. "यंदा तू येत न्हाईस," ते म्हणाले. "हितंच ऱ्हा. ह्येंच्यात न्हाई ऱ्हायचं. आपल्या गजीच्या मंडळींत ऱ्हा. ढोल त्येंच्याकडं हाय, वरडणारं तुझ्याकडं हाय. जत्रंला जावा कुटं कुटं." बोलता बोलता ते थांबले, जणू जास्त बोललो असं वाटून. हणमंतानं मेणाच्या डब्याकडं बघत नुसती मान हलवली.

पुढं ते तसंच झालं. हणमंतानं त्या ढोलवाल्यांबरोबर जत्रा केल्या, आणि मी त्याच्यासाठी पिकअप करत राहिलो. पण एक सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्या दिवशी गिटार अशी वाजली, की नानांनी लगेच माइक हातात घेऊन लोकांना सांगितलं, "ह्यात अस्सल फॉरेनचा पिकअप आहे." फॉरेनचा. ज्यावर स्वतः कापूर जाळला तो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजही सांगलीत कुणी म्हातारा मला सांगतो, त्या कारखान्यावर आपण फॉरेनची गिटार ऐकली, आणि माझा दाब वर जातो. कुणी इथल्या माणसाच्या हाताला मानतच नाही, त्याला आकडा पाहिजे, पेटी पाहिजे, पेटीवर परक्या गावाचं नाव पाहिजे.

असो. मेण थिजलं, झाकण बसवलं, आम्ही उठलो. तात्या माझ्याबरोबर स्टेजपर्यंत चालत आले. त्यांचे दोन गडी माळावर मेंढरं उठवत होते, घंटा वाजायला लागल्या होत्या. उन्हं उतरायच्या आत पुढच्या मुक्कामाला पोचायचं होतं.

"मिस्त्री," तात्या म्हणाले, "ह्येचा आवाज कुटवर जातोय?"

"वारा असेल तसा. पलीकडच्या ओढ्यापर्यंत तरी."

तात्यांनी ओढ्याकडं बघितलं, मेंढरांकडं बघितलं. मग गड्यांना हाक मारली, "आरं, म्होरं जायचं न्हाई आज. वड्याच्या पल्ल्याड बशिवा."

आणि ते निघून गेले, मागं न बघता. मेंढरं सोडून गर्दीत उभं राहायची त्यांना सवय नव्हती.

ढोल सुरू झाला. हणमंतानं खटका दाबला. शिटी नाही, भुणभुण नाही, नुसता तो जड, फाटलेला, धारदार सूर. नानांनी स्टेजवरून मला हातानं खूण केली, आवाज कमी कर, कमी कर. मी वाऱ्याचा अंदाज घेतला आणि ॲम्प्लिफायरचा काटा जाईल तितका पुढं सरकवला.